कथकची परीक्षा: तबल्याच्या बाजूने सांगतो

मी नाचत नाही. सांगलीत कथकच्या वर्गांना तबल्यावर साथ करतो आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असल्या की मुलींबरोबर परीक्षेच्या खोलीत बसतो. परीक्षक समोर, मुलगी मधे, मी आणि लेहऱ्याची (तालाबरोबर सतत फिरणाऱ्या धुनेची) पेटी बाजूला. वर्षभर शिकवणाऱ्या ताई बहुतेक वेळा दाराबाहेर असतात आणि पालक त्याहून लांब. त्यामुळे आत नेमकं काय होतं, कुठे पाय अडतो, कुठे आवाज बसतो, कोणत्या प्रश्नाला मुलगी खाली बघते, हे मला जवळून दिसतं. त्या जागेवरून जे कळलं ते इथे लिहितो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या टप्प्यांवरच्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना हे उपयोगी पडेल. विशारद आणि त्यापुढच्या परीक्षांची तयारी वेगळी असते, ती गुरूंनीच सांगावी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कथकची परीक्षा पायांची आहे असं सगळ्यांना वाटतं, म्हणून सगळे पाय घोटत बसतात. खरं तर परीक्षक ताल तपासत असतात, आणि ताल आधी हातात असतो, मग तोंडात, मग पायात. ज्या मुलीच्या हातातोंडात ताल बसला आहे, तिचा एखादा तुकडा (बोलांची छोटी नृत्यरचना) चुकला तरी ती सावरते. जिचं सगळं पायांच्या सवयीवर चाललं आहे, तिला मधेच कोणी थांबवलं की पुन्हा उभं राहता येत नाही. आणि परीक्षेत थांबवतातच.

फॉर्म भरताना

मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. फॉर्म त्याच्या काही महिने आधी भरायचा असतो. त्याच वेळी त्या वर्गाचा अभ्यासक्रम हातात घ्या. ताईंकडे असतोच, त्याची झेरॉक्स काढून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. अभ्यासक्रमात किती तुकडे, किती परणी (पखवाजाच्या बोलांच्या रचना), कोणते ताल, कोणत्या मुद्रा हे लिहिलेलं असतं. दर आठवड्याला त्यावर पेन्सिलने खुणा करा: हे पाठ आहे, हे हातावर येतं, हे नाचून येतं. तीन वेगळ्या खुणा हव्यात, कारण या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. "येतं" या एका शब्दाखाली मुली तिन्ही घालतात आणि मग परीक्षेत कळतं की नाचून येत होतं, म्हणून दाखवता येत नव्हतं.

फॉर्मवर नाव लिहिताना पालकांनी स्वतः बसावं. प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येतं. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, तेव्हा शाळेतल्या नोंदीशी नाव जुळावं लागतं. आणि या गुणांसाठी घाई करून मुलीला एक पायरी वरच्या परीक्षेला बसवू नका. कच्च्या तत्कारावर (पायांच्या मूळ कामावर) मध्यमाचा अभ्यासक्रम उभा राहत नाही, आणि ते ओझं वाहायला त्या मुलीलाच लागतं.

हात आणि तोंड

घुंगरू न बांधता, मांडी घालून बसून करायची ही तयारी आहे. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत रोजच्या रियाझाचा निदान तिसरा हिस्सा हिला द्या.

तीनतालाचा ठेका, म्हणजे तबल्यावर वाजणारे त्याचे ठरलेले बोल, असा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

सोळा मात्रा (तालाचे ठोके), चार विभाग. टाळी पहिल्या (हीच सम), पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली म्हणजे टाळीऐवजी हात उघडायची जागा नवव्यावर. हे सगळ्यांना येतं. पण मी जेव्हा विचारतो, "याची एकच दुगुन (दुप्पट लय) म्हण आणि समेवर ये," तेव्हा पुष्कळ जणी पहिल्या मात्रेपासून सुरू करतात. तसं केलं तर ठेका आठ मात्रांतच संपतो आणि समेवर येण्यासाठी तो पुन्हा एकदा म्हणावा लागतो. एकदाच म्हणायचा तर दुगुन नवव्या मात्रेपासून उठते, म्हणजे खालीवरून. चौगुन (चौपट लय) एकदाच म्हणायची तर तेराव्यापासून. दहा मात्रांच्या झपतालात दुगुन सहाव्या मात्रेपासून, तिथेही खालीच आहे:

धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना

हे पाठ करायला सांगत नाही. मात्रांच्या संख्येला दोनने किंवा चाराने भागा, आलेल्या मात्रा शेवटून मोजा, उठायची जागा मिळते. एकदा हे समजलं की कोणताही ताल आला तरी घाबरायचं कारण उरत नाही.

टाळी देताना हात स्वच्छ हवा. टाळीची टाळी, खालीला हात बाजूला उघडा, मधल्या मात्रा करंगळीपासून बोटांवर. काही मुली मांडीवर हलकेच थोपटतात, परीक्षकांना ते दिसतही नाही. हात छातीच्या उंचीवर ठेवा. तोंडाने तुकडा जलद आणि हाताने ताल संथ, हे दोन वेगळे प्रवाह एकाच अंगात वाहिले पाहिजेत. सुरुवातीला हात तोंडाच्या मागे पळतो. पळू दे, पण लक्षात घ्या की तो पळतो आहे. मग लय निम्मी करा. निम्म्या लयीत सुटलेला तुकडा दोन दिवसांत पूर्ण लयीत येतो. पूर्ण लयीत ओढत नेलेला तुकडा महिनाभर तसाच राहतो.

पढंत म्हणजे नुसते बोल उच्चारणं नव्हे. 'धा' दमदार, 'तत्' तुटक, 'थेई' खुली, 'किटतक' जिभेच्या टोकावर. पखवाजाच्या अंगाच्या परणीचे बोल तुकड्याच्या बोलांपेक्षा भारदस्त म्हटले पाहिजेत. परीक्षक डोळे मिटून ऐकत असले तरी त्यांना कळलं पाहिजे की आता परण आली. आवाज खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत जायला हवा. घरात जेवणाच्या टेबलाशी बसून पुटपुटलेली पढंत परीक्षेच्या खोलीत ऐकू येत नाही, म्हणून ती उभं राहून, घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवून म्हणा.

तत्कार

ता थेई थेई तत् । आ थेई थेई तत्

पायांचा क्रम बघा. उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथा आघात डावा आणि पाचवाही डावाच. तसंच आठवा उजवा आणि पुन्हा पहिला उजवाच. तत्काराची चौगुन तुटते ती बहुतेक वेळा याच दोन जागी, कारण तोच पाय लगेच पुन्हा उचलायला वेळ कमी मिळतो. मग मुली नकळत डाव्याऐवजी उजवा टाकतात, उजवा-डावा-उजवा-डावा असं सरळ चालू होतं, घुंगरांचा आवाज चालू राहतो आणि त्यांना वाटतं चौगुन झाली. समोर बसलेल्या जाणकाराला पहिल्याच आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) हे दिसतं.

यावर उपाय एकच. ती जोडी सुटी काढा. फक्त 'तत् आ', 'तत् आ', डावा-डावा. मग 'तत् ता', 'तत् ता', उजवा-उजवा. पाय जमिनीपासून फार उंच उचलायचा नाही, गुडघा सैल, वजन मधोमध. पाच मिनिटं रोज. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट लयीची. परीक्षेत "तत्कार बराबर, दुगुन, चौगुन दाखव" म्हटलं की मुली उत्साहात बराबरची (एकपट) लयच चढी धरतात. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत चौगुन म्हणजे मिनिटाला २४० आघात, सेकंदाला ४. लय ८० केली की तेच ३२० होतात. बराबरला हा फरक जाणवतसुद्धा नाही, चौगुनला तो पायांना झेपत नाही. म्हणून उलटीकडून ठरवा. तुमची चौगुन ज्या लयीत सलग आठ आवर्तनं स्वच्छ निघते, ती तुमची परीक्षेची लय. लेहऱ्याच्या अ‍ॅपवर तो आकडा दिसतो, तो वहीत लिहून ठेवा आणि साथीदाराला आधी सांगा. चढ्या लयीला जास्त गुण असतात हा गैरसमज आहे. मला आजवर जी तत्कारं लक्षात राहिली ती संथ आणि मोत्यासारखी होती.

घुंगरांचा आवाज स्वतःला नाचताना नीट कळत नाही. फोन जमिनीवर पालथा ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर डोळे मिटून ऐका. चित्र नको. चित्र असलं की आपण हात बघतो, चेहरा बघतो आणि पायांना माफ करतो.

तिहाई समजून घ्या

तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा म्हणून समेवर येणं. पाठ केलेली तिहाई आणि समजलेली तिहाई यात काय फरक असतो ते परीक्षकांच्या एका प्रश्नाने उघडं पडतं: "ही कुठून उठते?" याचं उत्तर मात्रेच्या आकड्यात देता आलं पाहिजे.

साधं उदाहरण घेऊ. 'तिगधा दिगदिग थेई' हा तीन मात्रांचा पल्ला (तीनदा येणारा भाग). तीन पल्ले, मधे एकेक मात्रेचा दम (थांबा). एकूण अकरा मात्रा, शेवटची थेई समेवर. तीनतालात ही सातव्या मात्रेवरून उठते. आता हातावर ताल ठेवून म्हणा: पहिली थेई नवव्या मात्रेवर, खालीवर पडते, दुसरी तेराव्यावर, टाळीवर, तिसरी समेवर. म्हणजे तिहाई चालू असताना ताल तुम्हाला स्वतःच दोनदा सांगतो की तुम्ही बरोबर जागी आहात. पहिली थेई म्हणताना हात खालीला उघडला नसेल तर चूक तिथेच कळते, समेपर्यंत थांबावं लागत नाही.

हीच तिहाई बारा मात्रांच्या एकतालात तिसऱ्या मात्रेवरून उठते. एकतालाच्या टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर. थेई पडतात पाचव्यावर, नवव्यावर आणि समेवर, म्हणजे तिन्ही टाळीवर. झपतालात समेपासून घ्यायची तर दम तोच ठेवा: थेई तिसऱ्या मात्रेवर, सातव्यावर आणि समेवर. दहा मात्रांत अकराव्या जागी सम, हिशोब चोख.

अभ्यासक्रमातल्या प्रत्येक तिहाईचा असा नकाशा वहीत काढा. कोणत्या मात्रेवर उठली, पल्ला किती, दम किती, प्रत्येक पल्ल्याचा शेवट कुठे. गणित न आवडणाऱ्या मुलींनाही हे आवडतं, मी पाहिलं आहे. चक्रदार तुकड्याला तर हे केल्याशिवाय हातच लावू नका. तीन वेळा म्हटला जाणारा संपूर्ण तुकडा दम चुकला की सगळाच सरकतो आणि शेवटी मुलगी सम शोधत फिरते.

रूपकाकडे वेगळं लक्ष द्या. ती ती ना । धी ना । धी ना. सात मात्रा आणि समेवर खाली. वर्षभर तीनतालात सम म्हणजे टाळी असं अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे रूपकात समेवर हात आपोआप टाळी देतो. हा ताल अभ्यासक्रमात असेल तर रोज थोडा हातावर घ्याच.

साथीदाराबरोबर

परीक्षेच्या आधी खऱ्या तबल्याबरोबर रियाझ झालाच पाहिजे, आणि आदल्या दिवशी एकदा करून भागत नाही. अ‍ॅपचा लेहरा चांगला असतो, पण तो तुमच्याकडे बघत नाही. माणूस बघतो, आणि माणसाची लय श्वासाबरोबर किंचित हलते. त्या हलण्याबरोबर हलायची सवय व्हायला वेळ लागतो.

मुलींना माझ्याशी बोलायचा संकोच वाटतो. "काका, लय थोडी कमी करा" एवढं म्हणायला त्या ताईंकडे बघतात. परीक्षेच्या खोलीत ताई नसतील, म्हणून हे वाक्य आधीपासून म्हणायची सवय ठेवा. साथीदाराला त्यात कमीपणा वाटत नाही. काय सांगायचं तेही ठरलेलं असावं: आधी क्रम, मग लय, मग कोणत्या तुकड्यानंतर नुसता ठेका हवा आणि कुठे थांबायचं. हा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तबल्याजवळ ठेवला तर मी तुमचा आभारी राहीन. प्रत्येक तुकड्याची पढंत एकदा माझ्याकडे तोंड करून करा. तुमच्या तोंडून ऐकलेला तुकडा मला लिहून दिलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

एक गोष्ट मी रिहर्सलला मुद्दाम करतो. समेवर जोर देत नाही. पुष्कळ मुली तबल्याच्या मोठ्या 'धा'वर टेकून सम घेतात. तो 'धा' हलका केला की डगमगतात. परीक्षक "नुसता लेहरा ठेवा" म्हणू शकतात, किंवा "तबला थांबवा, हातावर म्हण" म्हणतात. तेव्हा सम तुमची स्वतःची असायला हवी. आपल्या साथीदाराला सांगा की एका रियाझाला सरळ, सपाट ठेका द्या. त्या दिवशी जे चुकेल ते खरं काम.

चुकलात तर काय करायचं याचाही सराव करा. परीक्षेत सम चुकली की मुली "सॉरी" म्हणतात, जीभ चावतात, माझ्याकडे वळतात. काही करू नका. चेहरा तसाच ठेवून तत्कारावर या, लेहरा ऐका, खाली सापडली की सम सापडलीच, आणि तुकडा पुन्हा उचला. घरी आई-बाबांनी मधेच टाळी वाजवून मुलीला थांबवावं आणि तिने दोन आवर्तनांत परत यावं, असा खेळ रोज एकदा खेळता येतो. लहान मुलींना तो फार आवडतो.

अभिनय, मुद्रा आणि नजर

या भागात मी शिकवणारा नाही, पण बाजूला बसून जे दिसतं ते सांगतो. गतनिकास (चालीतून पात्र दाखवणं) करताना, घूंघटची असो, मुरलीची असो की मटकीची, पलटा (वळण) घेऊन पुढे येताना नजर आधी पोचली पाहिजे. नजर जमिनीवर राहिली की मुरली हातात असूनही कृष्ण दिसत नाही. गतभावात (एकटीने गोष्ट दाखवताना) माखनचोरी घ्या. मडकं किती उंच टांगलं आहे, ते आधी एकदा वर बघून ठरवा आणि मग शेवटपर्यंत तेवढंच उंच ठेवा. मुलींच्या हातात ते मडकं दर वेळी नव्या उंचीवर असतं, आणि समोर बसलेल्याला ते लगेच जाणवतं.

मुद्रांमध्ये अभिनयदर्पण या जुन्या ग्रंथातले असंयुक्त हस्त (एका हाताच्या मुद्रा) क्रमाने पाठ असतात: पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख... पण परीक्षक क्रमाने विचारतील असं नाही. "शुकतुंड दाखव," "हा कोणता हस्त?" "पताकाचे दोन विनियोग (उपयोग) करून दाखव." म्हणून चिठ्ठ्या करा. एका बाजूला नाव, डब्यात टाका, रोज दहा उचला, हात दाखवा आणि एक उपयोग करून दाखवा. नुसता श्लोक म्हणून सुटका करून घेऊ नका. 'वारिवाहे' म्हटलं तर ढग दिसला पाहिजे. डोक्याचे शिरोभेद नऊ, नजरेचे दृष्टिभेद आठ, मानेचे ग्रीवाभेद चार, यांचंही तसंच. ग्रीवाभेदातला सुंदरी दाखवताना खांदे हलतात, तेव्हा आरशासमोर खांदे भिंतीला टेकवून करून पाहा.

तोंडी आणि लेखी

ठाठ म्हणजे काय, आमद म्हणजे काय, तुकडा आणि परण यांत फरक काय. उत्तर एका वाक्यात द्या आणि लगेच करून दाखवा किंवा म्हणून दाखवा. गाइडमधली व्याख्या अडखळत म्हणण्यापेक्षा "परण म्हणजे पखवाजाच्या बोलांची रचना, उदाहरणार्थ..." असं म्हणून पुढे चार मात्रा पढंत केली तर परीक्षकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं.

घराण्यांच्या प्रश्नात नावांची यादी कमी आणि ओळख जास्त असावी. लखनौ म्हटलं की वाजिद अली शाहांचा दरबार, १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केलं तोवरचा. बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या. पुढे अच्छन, लच्छू, शंभू महाराज आणि मग बिरजू महाराज. नजाकत आणि भावाची बाजू. जयपूर म्हटलं की पखवाजाच्या परणी, लयकारी, चक्कर (गिरक्या). बनारस म्हटलं की जानकीप्रसाद आणि नटवरी बोल. आपल्याकडचं विचारलं तर पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली, हे प्रत्येक मराठी विद्यार्थिनीला माहीत असावं. आपण ज्या मंडळाची परीक्षा देतो त्याचंही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. पलुस्करांचं जन्मगाव कुरुंदवाड आणि शेवटचे दिवस गेले ते मिरज, दोन्ही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हे सांगताना मला विशेष वाटतं.

वरच्या परीक्षांना लेखी पेपर येतो आणि तिथे गुण जातात ते ताललिपीत (ताल खुणांनी लिहून दाखवण्यात). भातखंडे पद्धतीत समेची खूण ×, खालीची ०, बाकीच्या टाळ्यांना २, ३ असे क्रमांक. पलुस्कर पद्धतीत समेला १, खालीला +, आणि बाकीच्या टाळ्यांना त्या मात्रेचाच आकडा. म्हणजे तीनतालाला १, ५, +, १३. गोंधळ शून्याचा होतो. भातखंडे पद्धतीत शून्य म्हणजे खाली, आणि पलुस्कर पद्धतीत अक्षराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. दोन्ही पद्धती एकाच दिवशी लिहू नका. एक आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरी, मग दोन्ही शेजारी ठेवा.

लिहिताना आधी पट्टीने सोळा रकाने आखा, विभागाच्या उभ्या रेघा द्या, वर मात्रांचे आकडे आणि खुणा टाका, आणि सगळ्यात शेवटी बोल भरा. बोल आधी लिहायला घेतले की पंधराव्या मात्रेवर कळतं की एक रकाना जास्त उरला. एका मात्रेत दोन किंवा चार बोल आले तर भातखंडे पद्धतीत त्यांच्याखाली कंस, रिकामी जागा अवग्रहाने (ऽ). तुकडा लिहून झाला की बोट ठेवत हातावर म्हणून बघा. परीक्षेच्या हॉलमध्ये ओठ न हलवता हे करता यायला हवं, त्याचाही सराव लागतो.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

शेवटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. राहिलेली परण राहू द्या, विचारलं तर "ही तयार नाही" असं सरळ सांगा. अर्धवट नाचण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

घुंगरू तीन दिवस आधी तपासा. दोरी झिजली असेल तर तेव्हाच ओवून घ्या, नवी दोरी आदल्या रात्री नको, कारण ती सुरुवातीला सैल पडते. घोट्यावर आधी सुती पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर घुंगरू बांधा. सरकत नाहीत आणि कातडी सोलत नाही. लहान मुलींना मोठ्या बहिणीचे जड घुंगरू बांधू नका. पाय उचलला जात नाही आणि पोटऱ्या भरून येतात.

केंद्र बहुतेक एखाद्या शाळेत किंवा संगीत वर्गाच्या हॉलमध्ये असतं. फरशी शहाबादी असेल, गुळगुळीत टाइल असेल, कधी सतरंजी अंथरलेली असेल. सतरंजीवर घुंगरांचा आवाज मरतो आणि चक्करला पाय अडकतो. ती काढू का, असं नम्रपणे विचारा, कोणी नाही म्हणत नाही. घरी गादीवर किंवा मॅटवर रियाझ करत असाल तर शेवटचे पंधरा दिवस फरशीवर या. चक्करसाठी नजर ठेवायला समोर एखादी खिडकी, स्विच, काहीतरी आधीच हेरून ठेवा. परीक्षकांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून चक्कर घेऊ नका, त्यांनी मान खाली घातली की तोल जातो.

कपडे साधे. सलवार-कुर्ता, ओढणी खांद्यावर आणि कमरेला दोन्हीकडे पिन लावून पक्की. हा रंगमंच नाही. कुर्त्याची लांबी एवढी असावी की परीक्षकांना पावलं दिसतील. ज्या ड्रेसमध्ये परीक्षा द्यायची त्याच ड्रेसमध्ये निदान दोनदा पूर्ण कार्यक्रम करून बघा. पोहे किंवा उपमा वेळेवर खा, नंतर केळं, थोडं पाणी. नंबर यायला उशीर होतो, तेवढा वेळ घुंगरू बांधून बसू नका, पाय सुन्न होतात. दोन जणींच्या आधी बांधा, तोवर बाजूला उभं राहून टाच-चवडा हलवत राहा आणि हातावर ताल घेत राहा. पाठांतराची वही त्या वेळी आईकडे द्या. प्रवेशपत्र मात्र स्वतःजवळ ठेवा.

आत गेल्यावर परीक्षकांना नमस्कार, साथीदारांना नमस्कार, आपलं नाव आणि परीक्षेचं नाव स्पष्ट सांगायचं. लेहरा सुरू झाला की लगेच पाय उचलू नका. एक पूर्ण आवर्तन उभं राहून ऐका, मनात हात चालू द्या. मी तबल्यावरून बघत असतो. ज्या मुली ते एक आवर्तन ऐकतात त्यांचा पहिला तुकडा जवळजवळ कधीच चुकत नाही. प्रश्न समजला नाही तर "पुन्हा सांगता का?" म्हणायला हरकत नाही. "हे येत नाही" म्हणायलाही नाही.

पालकांनी खिडकीपाशी उभं राहू नये. मुलगी तुम्हाला शोधते आणि नजर सुटते. बाहेर आल्यावर लगेच "कसं झालं, काय चुकलं" विचारू नका. आधी घुंगरू सोडू द्या, पाणी पिऊ द्या.

आणि त्याच संध्याकाळी, दमलेली असलीस तरी, वही काढ. आत काय काय विचारलं ते आठवेल त्या क्रमाने लिहून ठेव: कोणता ताल हातावर म्हणायला सांगितला, कुठे थांबवलं, कोणती मुद्रा विचारली, कोणत्या लयीत चौगुन निघाली. दोन दिवसांनी हे आठवत नाही. पुढच्या परीक्षेचा रियाझ सुरू करताना ते पान आधी ताईंना दाखव, मग मला.